पॉपॉच्या पानांचं भांडं

३ सप्टेंबर १९८८, शनिवार

आजही हात हलवत परत.

कोशॉक्टनच्या पुढे एका शेतघरात गेलेल्या म्हातारीच्या सामानाची विक्री होती. उजाडायच्या आत जाऊन नंबर घेतला. दार उघडताच बाकीचे रजया आणि शिवणयंत्राकडे धावले, मी थेट स्वयंपाकघरात. खालच्या कप्प्यात मागे एक झाकणाचं भांडं दिसलं. गुडघे टेकून बाहेर ओढलं, उलटं करून बुडावरचा कारखान्याचा छाप पाहिला. इलिनॉयचं. वर निळी फुलं. म्हणजे माझ्या लेखी दगड.

कुणी ही वही वाचणार नाही, तरी नीट लिहून ठेवतो. मी जमवतो ती भांडी आमच्याच गावच्या, क्ले फोर्कच्या कारखान्याची. जड भाजक्या मातीची, मधासारख्या तपकिरी झिलईची, कडेला पॉपॉच्या झाडाची तीन लांब पानं, हाताने रंगवलेली. कारखाना बंद होऊन तेवीस वर्षं झाली. आठ माणसांच्या ताटल्या, वाडगे, कप, बश्या, दुधाचा जग, लोण्याची डबी, सगळं माझ्याकडे आहे. नाही ते एकच, मोठं झाकणाचं भांडं. पंधरा ऑक्टोबरला झेन्सव्हिलला आमच्या संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे. तिथे पूर्ण मांडलेल्या टेबलांची स्पर्धा असते आणि त्या भांड्यावाचून टेबल पूर्ण धरत नाहीत.

वेंडेल पिकअपमध्ये बसून डोनट खात होता. वेंडेल म्हणजे माझा थोरला भाऊ. समोरच्याच घरात राहतो, बायको इर्मा गेल्यापासून एकटा. मला गाडीतून सगळीकडे नेतो आणि सगळीकडे माझी टर उडवतो.

"काय धाकट्या, बुडं बघून झाली का सगळी?"



५ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. टॅमी आणि जावई जेवायला आले. मी म्हटलं नव्हतं तरी माझ्या बायकोने, नोरीनने, प्लास्टिकच्या ताटल्या काढल्या. पिवळ्या, सुरीच्या रेघोट्यांनी भरलेल्या. टॅमी काचेच्या कपाटाकडे बघून म्हणाली, "बाबा, एवढं सगळं असताना आपण सहलीला आल्यासारखे का जेवतोय?"

"टवका उडाला तर?" मी म्हटलं.

"उडाला तर उडाला," नोरीन म्हणाली. "मातीच आहे ती."

हे कोण म्हणतंय बघा! हिनेच तर ती पानं रंगवलीत. अठराव्या वर्षापासून कारखाना बंद होईपर्यंत ती त्या बाकावर बसत होती. बुडाशी तीन बारीक ठिपके असले की तो नग नोरीनचा. मी हे सगळं कुणासाठी जमवतोय? तिच्यासाठीच ना? तसं म्हटलं तर म्हणते, "पंधरा वर्षं तीच पानं काढली. मला अजून स्वप्नात पानं येतात आणि मागे मुकादम उभा असतो. मला कशाला हवीत ती घरात?"

बायकांच्या मनाचा थांग लागत नाही.

८ सप्टेंबर, गुरुवार

अर्ल प्यू गेला. चांगला माणूस होता. गॅसचे मीटर वाचायला मी सगळ्या गावाच्या तळघरांत उतरलोय. त्याचं तळघर सर्वांत कोरडं.

संध्याकाळी नोरीनला त्याच्या घरी नेलं. वाटेत तिने हेझल बर्केटकडे थांबायला लावलं. हेझलची आई वसंतात गेली, तेव्हापासून ती बाहेर पडत नाही. नोरीन आत गेली ती जुन्या पांघरुणात गुंडाळलेलं काहीतरी गरमागरम घेऊन आली आणि मांडीवर धरून बसली. मागच्या सीटवर माझी वाडग्यांची दोन खोकी होती. मी तिला दोनदा बजावलं की सांडू नकोस, आणि वळणावर हात सोडू नकोस.

"नाही सोडत," ती म्हणाली. "आजवर कधी सोडलाय?"

बटाट्यांचा आणि चीजचा वास आमच्या गाडीत दोन दिवस राहणार.

१० सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं त्यात माझी चूक होती असं मला अजून वाटत नाही.

अर्लच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, कुस्करलेल्या बटाट्यांवर नूडल्स, चार रंगांच्या जेली. लांब टेबलाच्या टोकाला हिरवी जेली एका ताटलीत होती आणि ताटलीची कड तपकिरी. एक पान डोकावत होतं. आता मला कळायला नको, ती कुणाच्या हातची? उलटी तर करता येईना, म्हणून मी ती डोक्याच्या वर उचलून खालून पाहिली. तीन ठिपके! त्याच क्षणी जेली सरकली आणि पाद्रीबाबांच्या बुटावर पडली.

कुणी हसलं नाही. वेंडेल सोडून.

मी ताटली धुवायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळलो, तर दारातच तीन बायका खांद्याला खांदा लावून उभ्या. "आत गर्दी आहे, डेल्बर्ट. ती दे इकडे." दोघी माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. आणि त्यांच्यात नोरीनही होती!

गाडीत मी तिला विचारलं, मला चोरासारखं का वागवता?

ती म्हणाली, "तुझ्या कपाटात गेलेलं भांडं पुन्हा बाहेर आलेलं कुणी पाहिलेलं नाही, डेल."

मग कपाट कशाला असतं?

२१ सप्टेंबर, बुधवार

ती जेलीची ताटली ओपल प्यूची, म्हणजे अर्लच्या बायकोची निघाली. धीर करून मागायला गेलो. म्हटलं, बाई रागावली असेल. पण तिने ताटली लगेच आणून दिली, पैसेही घेतले नाहीत. फक्त व्हरांड्यातच उभं केलं. "आत सगळा पसारा आहे," म्हणाली. जाळीच्या दारातून स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. माझी नजर तिकडे जाताच ती चटकन आत गेली आणि ओट्यावरच्या कशावर तरी पुसायचं फडकं टाकून आली. दुखवट्याच्या घरात बायकांना पसाऱ्याची फार लाज वाटते. मी मान वळवली.

मी सहज विचारलं, "तुमच्याकडे झाकणाचं मोठं भांडं नाही ना, याच नमुन्याचं?"

"माझ्या मालकीचं नाही," ती म्हणाली.

सरळ उत्तर देणारी एक तरी बाई गावात आहे.

डोनाल्ड स्टोक्सला इस्पितळातून घरी आणलंय म्हणाली. आता परत न्यायचं नाही.

१ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाची बैठक. डॉ. व्हँडरसॉल कोलंबसहून आले होते. धंद्याने दातांचे डॉक्टर. गेली तीन वर्षं त्यांचंच टेबल पहिलं. माझ्या टेबलाचा फोटो निरखून म्हणाले, "छान आहे, क्रूसन. पण झाकणाचं भांडं नाही म्हणजे समोरचा दात पडलेलं हसू."

सगळे हसले. मीही हसलो, सगळे दात दाखवून. घरी येईपर्यंत जबडा दुखत होता.

नियम पुन्हा वाचून दाखवले. नग चिकटवलेला, रंगवलेला, दुरुस्त केलेला असेल तर मांडणाऱ्याने ते आपण होऊन सांगायचं. व्हँडरसॉल त्या वेळी छताकडे बघत होते.

वाटेत वेंडेलला विचारलं, "तू सगळा जन्म त्या भट्टीवर काढलास. झाकणाची भांडी किती भाजली असशील?"

"भाजली ढीगभर. पण झाकण एकीकडे वाकायचं, भांडं दुसरीकडे. धड जोडी क्वचित निघायची. म्हणून तर मिळत नाहीत."

"गावात एकही नाही म्हणजे कमाल आहे."

त्याने गियर बदलला. मग हसायला लागला. "मी मेलो की मिळेल बघ तुला."

"म्हणजे आहे तुझ्याकडे?"

"नाही रे बाबा. शोध माझं घर."

शोधलं. खरंच नाही. याला काय विनोद म्हणायचा?

६ ऑक्टोबर, गुरुवार

अख्खा दिवस पाण्यात गेला.

इंडियानातल्या एका माणसाने माझी जाहिरात वाचून फोन केला होता. तपकिरी, झाकण असलेलं, पानं आहेत म्हणाला. वेंडेल कुरकुरत निघाला. वाटेत तीनदा थांबला. एकदा तर रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसता बसून राहिला, डावा हात चोळत. मी घड्याळ दाखवलं. म्हणाला, "दोन मिनिटं दे, धाकट्या. काल लाकडं फोडली ना." सत्तरीला आलेल्या माणसाने लाकडं फोडावीत कशाला? शिवाय जेवायला थांबलो तर त्याने सूप तसंच ठेवलं आणि तरी अर्धा तास लावला. माझी चिडचिड तोंडावर दिसत असणार.

पोचलो. निघालं घेवडा शिजवायचं मडकं. पानं मॅपलची. वर तो माणूस म्हणतो, "पानं ती पानंच की!"

परतताना मी तावातावाने बोलत होतो.  घराशी उतरताना वेंडेल एवढंच म्हणाला, "तुला सापडल्यावर काय करशील रे?"

"मांडेन."

"आणि मग?"

मग काय? मग पूर्ण होईल.

८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी वेंडेलच्या स्वयंपाकघरात दिवा चालू दिसला आणि दुपारपर्यंत चालूच राहिला. मी गेलो.

वेंडेल गेला.

९ ऑक्टोबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर हे खरं वाटणार नाही.

टॅमी आली आहे. फोन सारखा वाजतोय. दुपारी घंटा वाजली, मी दार उघडलं. ओपल प्यू. जुन्या पांघरुणात काहीतरी धरलेलं. मला ते पांघरूण ओळखीचं वाटलं. तिने नोरीनकडे पाहिलं, नोरीनने मान हलवली. ओपल आत आली, टेबलावर ठेवलं आणि पांघरूण सोडलं.

मधाच्या रंगाचं. पोटावर तीन पानं, झाकणावर तीन पानं. कडेला लागून चीज बुडबुडत होतं.

 आणि मी काय केलं, ते लिहितो. घरात भाऊ गेलेला आणि मी बूड बघायला हात पुढे केला. भांडं चटका बसण्याइतकं गरम आणि काठोकाठ भरलेलं. उलटं कसं करणार?

"आधी रिकामं करावं लागेल, डेल," नोरीन म्हणाली.

कालपासून मी काही खाल्लं नव्हतं. बसलो. नोरीनने वाढलं. प्लास्टिकच्या ताटलीत. पहिल्या घासाला मला रडू आलं, तोंडात बटाटा असतानाच. ओपलने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "खा. गार झाल्यावर घट्ट होतं ते."

१२ ऑक्टोबर, बुधवार

काल वेंडेलला इर्माच्या शेजारी ठेवलं.

आज भांडं रिकामं झालं. बुडाशी तीन ठिपके. मी नोरीनसमोर ठेवलं आणि म्हटलं, "बोल."

बोलली. कारखाना बंद झाला त्या दिवशी मुकादमाने प्रत्येकीला एक नग घेऊ दिला, तिने हा घेतला. महिन्याभरात शेजारच्या गॅलाघरांचं बाळ गेलं. तिने यात नूडल्स भरून दिल्या. गॅलाघरबाईंना ते रिकामं परत द्यायला बरं वाटेना, आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडे कुणाचा तरी नवरा गेला. तेव्हापासून ज्या घरात ते शेवटचं आलं, त्या घराने ते भरून पुढच्या दुखवट्याच्या घरी न्यायचं. तेवीस वर्षं. गावात सगळ्यांना ठाऊक.

"सगळ्यांना?"

"सगळ्या बायकांना. आणि वेंडेलला. इर्मा गेली तेव्हा आलं होतं ना त्याच्याकडे."

"आणि मी राज्यभर वणवण करत होतो! इंडियानाला गेलो मी, नोरीन! तू मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर आज ते कपाटात असतं आणि रविवारी ओपल मोकळ्या हाताने आली असती."

"हेझलकडून आणलंस ते पांघरूण... म्हणजे माझ्याच गाडीतून?"

"नेहमी तुझ्याच गाडीतून. तूच म्हणायचास, सांडू नकोस."

मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. मग आठवलं की याच सीटवर ते असायचं, म्हणून उतरलो. सगळ्या गावाने मला वेड्यात काढलं. भावानेसुद्धा. त्याच्यावर ओरडायला समोरच्या घरी निघालो आणि अर्ध्या रस्त्यात थांबलो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

भांडं आमचं आहे. नोरीनला मिळालेलं, तिने रंगवलेलं. उसनं दिलेलं परत आलं, एवढंच. शनिवारी झेन्सव्हिलला नेणार. नोरीनला तसं सांगितलं.

"ने," ती म्हणाली. "मी अडवणार नाही."

अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळे नग वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरले. भांडं शेवटी घेतलं. उन्हात धरून पाहिलं. आतली झिलई चमच्यांनी घासून निस्तेज झालेली. हे मला माहीत होतं. पण झाकणाच्या मुठीखाली बोट फिरवलं तर कड लागली. चिकटवलेली! मूठ तुटून पुन्हा बसवलेली, आणि बसवणाऱ्याने वरून झिलईच्या रंगाचं काहीतरी लावायचा प्रयत्न केलेला. ओबडधोबड. आंधळ्यालाही दिसेल असं.

"हे कोणत्या गाढवाने केलं?" मी ओरडलो.

नोरीन हात पुसत आली. "वेंडेलने. इर्माच्या वेळी धुताना त्याच्या हातून पडलं. माझ्याकडे आला तेव्हा पांढराफटक पडला होता. म्हणाला, माझ्यापाशी येऊन फेरी तुटली तर मी गावाला तोंड कसं दाखवू? दोन दिवस तळघरात बसला होता. भट्टीतलं सिमेंट वापरलं म्हणाला, आगीत टिकेल. मग त्यात घेवडा आणि मांस शिजवून मॅक्लीनांकडे घेऊन गेला. फार तिखट झालं होतं."

मी तिला म्हटलं, तू जा इथून. ती गेली.

मूर्ख माणूस! मला सांगितलं असतंस तर मी नीट करून दिली असती. रंग माझ्याकडे आहेत, बारीक कुंचले आहेत. आता तीन थर देऊन कानशीने घासून मी ती कड अशी घालवू शकतो की व्हँडरसॉलच्या बापालाही कळणार नाही. रंगाची डबी उघडलीही. पण त्या सिमेंटमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. अख्खा अंगठा, आडवी चीर गेलेला. भट्टीच्या दाराने लहानपणी चेचला होता तो. मी तिथेच होतो.

डबी बंद केली. झाकण गुंडाळलं. दुरुस्ती आहे असं उद्या सांगेन आणि गुण कापले तर कापोत.

वेंडेल, तू मला इंडियानाला नेलंस. सगळं माहीत असून नेलंस. हात दुखत असताना नेलंस.

१५ ऑक्टोबर, शनिवार

खोकी गाडीत भरून झाली होती. मी टोपी घातली तेवढ्यात फोन वाजला. नोरीनने घेतला. "हो... कधी?... बरं." ठेवला. लुएला स्टोक्सच्या, म्हणजे डोनाल्डच्या बायकोच्या, शेजारणीचा होता.

"डोनाल्ड गेला," ती म्हणाली आणि कॉफी ओतायला लागली. खोक्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या कपात साखर घातली, ढवळली. तिने काहीतरी बोलावं म्हणून मी वाट पाहिली. आता आमचं घर शेवटचं होतं, हे मला सांगायची गरज नव्हती.

प्रदर्शन नऊला उघडत होतं. मी दारात उभा राहिलो. डोक्यात नुसता संताप. डोनाल्डवरसुद्धा. दोन दिवस थांबला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? असं मी खरंच मनात म्हटलं, म्हणून लिहितो.

मग म्हटलं, "त्यांच्याकडे बटाटे चालतात ना?"

"चालतात," नोरीन म्हणाली.

खोक्यातून भांडं काढलं. बटाटे मी सोलले. निम्मा बटाटा सालीबरोबर गेला. नोरीन खुर्चीत बसून नुसतं सांगत होती, एका भांड्याला हात लावला नाही. दूध उतू गेलं. कांदा जाड चिरला गेला. चीज एका बाजूने करपलं, तेव्हा मी भट्टीवरच्या माणसाचा भाऊ म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही असं ओरडलो. ती म्हणाली, "करपलेलं खालच्या बाजूला वळव."

गाडी तिने चालवली. मी मांडीवर धरून बसलो. पांघरुणातून गुडघ्यांना चटके बसत होते. ती फार जोरात ब्रेक मारते, हे मी आजवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. वळणावर मी हात सोडला नाही.

दार डोनाल्डच्या मुलाने उघडलं. डेटनहून आलेला, चाळिशीचा, डोळे सुजलेले. त्याला काही ठाऊक नसणार. त्याने भांडं घेतलं आणि म्हणाला, "थँक यू. हे परत कुठे आणून देऊ?"

"तुझ्या आईला माहीत आहे," मी म्हटलं. मग राहवेना. "झाकण खालून आधार देऊन धर. मूठ दुरुस्त केलेली आहे. माझ्या भावाने केली आहे ती."